मर्जी कोणी विचारायची, कोठे आणि कोणासमोर

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेज सिंग जोहर खटल्यात भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधील, सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग घटनाबाह्य ठरवला, आणि १८६० साली ब्रिटिश अमदानीत लिहिल्या गेलेल्या त्या कलमाची या संबंधांवरील सत्ता संपली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरलेले नाही. तरीही एकत्र राहू पाहणाऱ्या दोन स्त्रियांसमोर किंवा दोन पुरुषांसमोर जे संकट उभे राहते ते पूर्वीही बहुधा खटल्याच्या रूपाने येत नव्हते आणि आजही येत नाही; ते घरातून सुरू होते, नातेवाइकांच्या बैठकीत बळ धरते आणि पोलीस ठाण्याच्या मार्गाने पुन्हा त्या दोघांपर्यंत येऊन पोहोचते. गुन्हेगारीचा शिक्का पुसला जाणे वेगळे आणि ज्यांच्यावरचा शिक्का पुसला त्यांना एका छताखाली निर्भयपणे राहता येणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीसाठी देशातील उच्च न्यायालयांनी आणि सर्वोच्च न्यायालयाने गेल्या काही वर्षांत जे संरक्षण उभे केले आहे, त्याची घडण सर्वसामान्य नागरिकांनी समजून घेणे गरजेचे आहे, कारण त्यातला सर्वांत मोलाचा भाग मोठ्या तत्त्वांपेक्षा लहानसहान व्यवहारी तपशिलांत दडलेला आहे.

छळाचा क्रम, राज्य कोणतेही असो, बराचसा ठरलेला दिसतो. न्यायालयापर्यंत पोहोचलेल्या अशा प्रकरणांत बहुतांशी मुली असतात, कारण परगावी नोकरी धरून घरापासून लांब राहणे मुलाला जितके सोपे असते तितके मुलीला नसते. तिचे दुसऱ्या मुलीशी असलेले नाते घरी कळले की प्रथम फोन काढून घेतला जातो, शिक्षण किंवा नोकरी थांबवली जाते, घाईने स्थळे पाहिली जातात, आणि मारहाण, कोंडून ठेवणे, बुवाकडे किंवा डॉक्टरकडे नेणे हे त्यापाठोपाठ येते. दोघी घर सोडून गेल्या की घरचे लोक पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ची, म्हणजे व्यक्ती हरवल्याची, नोंद करतात, कधी जोडीदाराविरुद्ध अपहरणाची, तर कधी दागिने चोरून नेल्याची फिर्याद देतात. एवढा कागद झाला की घरच्यांनी चालवलेल्या शोधाला सरकारी बळ मिळते. मोबाइलवरून पत्ता लागतो, ‘फक्त जबाब द्यायला या’ म्हणून दोघींना ठाण्यात बोलावले जाते, तेथे आईवडील, मामा, काका आधीपासून बसलेले असतात, आणि ‘घरचा मामला आहे, समजुतीने घ्या’ असे सांगून सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध घरच्यांच्या गाडीत बसवले जाते. वास्तविक अठरा वर्षे पूर्ण झालेली, स्वतःहून घर सोडलेली आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने हरवलेली नसते. ती कोठे आहे हे कळले की तिचा जबाब नोंदवून तक्रार निकाली काढणे एवढेच पोलिसांचे काम उरते. या साध्या नियमाचा भंग पोलीस ठाण्यात होतो, आणि म्हणूनच न्यायालयांनी दिलेले संरक्षण मुख्यतः त्या ठिकाणाला उद्देशून आहे.

या संरक्षणाचा आधार राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीत, आहे. तो हक्क जोडीदाराच्या निवडीपर्यंत नेण्याचे काम मात्र प्रथम समलिंगी जोडप्यांच्या नव्हे, तर जातीबाहेर आणि धर्माबाहेर लग्न करणाऱ्यांच्या खटल्यांत झाले. उत्तर प्रदेशातील एका आंतरजातीय विवाहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असे स्पष्ट केले की, सज्ञान स्त्री आपल्या पसंतीच्या माणसाबरोबर राहू शकते, आईवडिलांना ते मान्य नसेल तर ते फार तर तिच्याशी संबंध तोडू शकतात, पण धमकी देऊ शकत नाहीत किंवा त्रास देऊ शकत नाहीत, आणि अशा जोडप्याला त्रास होणार नाही हे पाहणे पोलीस प्रशासनाचे कर्तव्य आहे. २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात याच विचाराला यंत्रणेचे रूप देण्यात आले: प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाइन, आणि जोडप्याला सुरुवातीला एक महिना व गरज पडल्यास वर्षापर्यंत राहता येईल असे सुरक्षित निवारागृह. त्याच वर्षी केरळमधील एका आंतरधर्मीय विवाहाच्या खटल्यात, सज्ञान मुलीने कोणाशी लग्न करावे हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही, असा निर्णय झाला. जातीबाहेर गेलेल्या मुलीला परत आणण्यासाठी जी भाषा, जे नातेवाईक आणि जी दांडगाई वापरली जाते, तीच समलिंगी जोडप्याविरुद्धही वापरली जाते; म्हणून एकासाठी उभारलेले कायद्याचे कवच दुसऱ्यालाही लागू पडावे हे स्वाभाविक होते, आणि महाराष्ट्राला, जेथे आंतरजातीय विवाहांच्या चळवळीला मोठा इतिहास आहे आणि तथाकथित प्रतिष्ठेसाठी झालेल्या हत्यांची लाजही वाट्याला आलेली आहे, हे नाते सहज ओळखता यायला हवे.

न्यायालयाकडे जाण्याचे मार्ग दोन. जोडप्यापैकी एकाला कोणी डांबून ठेवले असेल तर ‘हेबियस कॉर्पस’ची, मराठीत ज्याला बंदिप्रत्यक्षीकरण म्हणतात त्या प्रकारची, याचिका दाखल होते, तिच्यात न्यायालय डांबलेल्या व्यक्तीला आपल्यासमोर हजर करण्याचा आदेश देते आणि तिला तिच्या इच्छेने तेथे ठेवले आहे की नाही हे स्वतः पाहते. दोघेही मोकळे आहेत पण घरच्यांकडून किंवा पोलिसांकडून धोका आहे अशा वेळी संरक्षणाची याचिका करतात, आणि तिच्यात पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना जोडप्याच्या सुरक्षेचा आदेश मिळतो. दोन्ही याचिका अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात करता येतात. मराठी मुलखापुरते सांगायचे तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथील पीठांबरोबर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंचही सुरू झाले आहे, त्यामुळे सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील लोकांना मुंबई गाठावी लागत नाही. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली दंडाधिकारीही बेकायदा डांबलेल्या व्यक्तीच्या शोधाचे वॉरंट काढू शकतात. हा मार्ग जवळचा आणि कमी खर्चाचा असूनही त्याची माहिती फार थोड्यांना असते.

कलम ३७७ चा निकाल लागून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच सप्टेंबर २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका तरुणीच्या याचिकेवर तिच्या जोडीदार स्त्रीला घरच्यांच्या ताब्यातून मोकळे केले आणि दोघींना एकत्र राहण्यास मोकळीक दिली. जून २०२० मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने, समलिंगी व्यक्तींना विवाहाचा हक्क नसला तरी विवाहाविना एकत्र राहण्याचा हक्क आहे, असे नोंदवले. ऑगस्ट २०२० मध्ये ओडिशा उच्च न्यायालयापुढे ट्रान्स पुरुषाची, म्हणजे जन्मतः स्त्री मानली गेलेली पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणाऱ्या व्यक्तीची, याचिका आली. तिच्यात जोडीदार स्त्रीला त्याच्याबरोबर राहण्यास परवानगी देताना, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याचे संरक्षणही तिला राहील असे न्यायालयाने म्हटले. नोव्हेंबर २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने शामली जिल्ह्यातील दोन स्त्रियांना पोलीस संरक्षण दिले आणि असा मुद्दा मांडला की, समाजाच्या बहुसंख्येला काय रुचते यापेक्षा राज्यघटनेला काय अभिप्रेत आहे हे पाहणे घटनात्मक न्यायालयाचे काम आहे. हे सर्व आदेश महत्त्वाचे होते, पण प्रत्येक आदेश त्या त्या जोडप्यापुरता होता. पुढच्या जोडप्याला पुन्हा वकील गाठावा लागत होता आणि पुढच्या ठाण्यात पुन्हा तोच प्रसंग घडत होता.

हे चक्र थांबवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न मद्रास उच्च न्यायालयात झाला. मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून चेन्नईला आल्या, दोघींच्या घरच्यांनी हरवल्याच्या स्वतंत्र तक्रारी दिल्या, पोलीस त्यांच्या मुक्कामी चौकशीला पोहोचले आणि दोघींनी संरक्षण मागितले. न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी या याचिकेत एक असामान्य पाऊल उचलले: या विषयात आपले स्वतःचे आकलन तोकडे आणि पूर्वग्रहांनी मर्यादित असल्याचे त्यांनी आदेशात मोकळेपणाने लिहिले, मानसशास्त्राच्या तज्ज्ञाकडून विषय समजून घेतला आणि त्यानंतरच निर्णय दिला. न्यायासनावरील व्यक्तीने आपले अज्ञान इतक्या स्वच्छपणे नोंदवावे आणि ते दूर करण्यासाठी कष्ट घ्यावेत, याला भारतीय न्यायव्यवहारात फार थोडी उदाहरणे सापडतील. ७ जून २०२१ च्या त्या आदेशात पोलिसांसाठी सुस्पष्ट सूचना होती: हरवल्याच्या तक्रारीच्या चौकशीत, संबंधित व्यक्ती सज्ञान आहेत आणि परस्परसंमतीने एकत्र राहत आहेत असे आढळले, तर त्यांचे जबाब नोंदवून, त्यांना कोणताही त्रास न देता तक्रार बंद करावी. निवाऱ्याची सोय, मदत करणाऱ्या संस्थांची यादी, पोलीस, न्यायाधीश, शिक्षक आणि डॉक्टर यांचे प्रशिक्षण, आणि समलिंगी व्यक्तीला उपचारांनी ‘बदलण्याच्या’ प्रकारांवर बंदी, असे अनेक विषय त्यात होते, आणि प्रकरण निकाली न काढता न्यायालयाने सरकारकडून वेळोवेळी हिशेब घेतला. त्याचे फळ असे की, २०२२ साली तामिळनाडू सरकारने पोलीस कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत दुरुस्ती करून समलिंगी व पारलिंगी (ट्रान्स) व्यक्तींचा आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांचा छळ करण्यास पोलिसांना मनाई केली. या दुरुस्तीचे महत्त्व वरवर पाहता लक्षात येत नाही. न्यायालयाचा आदेश ठाणे अंमलदाराला माहीत असेलच असे नाही. पण वर्तणूक नियम मोडला तर विभागीय चौकशी होते आणि ती नोकरीवर बेतते, हे त्याला पक्के माहीत असते.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याची मागणी फेटाळली. विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले, तर विवाहाहून वेगळ्या स्वरूपाच्या नात्याला कायदेशीर मान्यता देण्याचा मुद्दा तीन विरुद्ध दोन मतांनी पडला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही नामंजूर झाल्या. या निराशेच्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी, जे या निर्णयात अल्पमतात होते, पोलिसांसाठी तपशीलवार सूचना लिहिल्या होत्या: केवळ नात्याची चौकशी करण्यासाठी जोडप्याला ठाण्यात बोलावू नये, घरी परतण्याची सक्ती करू नये, आणि घरच्यांकडून होणाऱ्या हिंसेची तक्रार जोडप्याने केल्यास संरक्षण द्यावे. बहुमताच्या बाजूने लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रवींद्र भट यांनीही, समलिंगी जोडप्याच्या एकत्र राहण्यात कोणी ढवळाढवळ करणार नाही, त्यांना हिंसेची किंवा जबरदस्तीची भीती राहणार नाही, आणि इच्छेविरुद्ध वैद्यकीय उपचार त्यांच्यावर लादले जाणार नाहीत, याची जबाबदारी सरकारवर टाकली. म्हणजे विवाहाबद्दल न्यायमूर्तींत मतभेद असले तरी संरक्षणाबद्दल ते नव्हते, आणि ‘सुप्रीम कोर्टाने तुमच्याविरुद्ध निकाल दिला आहे’ असे एखाद्या अधिकाऱ्याने जोडप्याला सुनावले, तर ते धादांत चुकीचे आहे.

विवाहाला मान्यता नसण्याचा एक परिणाम मात्र थेट संरक्षणावर होतो. पती किंवा पत्नी न्यायालयात गेली तर तिचा अधिकार कोणी विचारत नाही. समलिंगी जोडीदार गेला तर ‘तुम्ही तिचे कोण?’ हा प्रश्न दाराशीच उभा राहतो, आणि त्याचे खरे उत्तर देणे म्हणजे भर न्यायालयात, घरच्यांसमोर आणि कदाचित वार्ताहरांसमोरही, आपले खासगी जीवन उघडे करणे होय. त्यामुळे अशा याचिकांत ‘मैत्रीण’ एवढाच शब्द लिहिलेला पुष्कळदा आढळतो. या आणि अशा अडचणींचा साकल्याने विचार सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मार्च २०२४ च्या निकालात झाला. केरळमधील एका स्त्रीने, आपल्या जोडीदार स्त्रीला तिच्या आईवडिलांनी डांबल्याची तक्रार केली होती. उच्च न्यायालयाने त्या स्त्रीला समुपदेशनासाठी पाठवण्याचा आदेश दिला, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचे मन वळवले जाईल या भीतीने याचिकाकर्ती सर्वोच्च न्यायालयात आली. न्यायालयाने समुपदेशन थांबवले आणि एका महिला न्यायिक अधिकाऱ्याला तिच्याशी मोकळ्या वातावरणात बोलण्यास सांगितले. आपण स्वखुशीने घरी आहोत आणि सध्या कोणाशीही लग्न करण्याची किंवा कोणाबरोबर राहण्याची आपली इच्छा नाही, असे तिने सांगितले, आणि ते मान्य करून याचिका फेटाळण्यात आली. याचिकाकर्तीच्या पदरी व्यक्तिशः काही पडले नाही, पण तिच्या याचिकेतून देशातल्या सर्व न्यायालयांना बंधनकारक अशी मार्गदर्शक तत्त्वे निर्माण झाली.

ही तत्त्वे वाचताना त्यांतील बारकावा थक्क करतो. अशा याचिकांना सुनावणीत अग्रक्रम द्यावा. याचिका करणारा जोडीदार आहे की मित्र, नाते नेमके काय, याच्या खोलात शिरू नये. डांबलेल्या व्यक्तीला न्यायाधीशांनी भर न्यायालयात नव्हे, तर आपल्या दालनात भेटावे, आणि ज्यांनी तिला डांबल्याचा आरोप आहे ते लोक त्या वेळी आसपासही असू नयेत. तिला बसायला नीट जागा, प्यायला पाणी आणि स्वच्छतागृह मिळावे, मध्ये विश्रांती मिळावी, तिला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल हे विचारावे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लिहावे लागले, यावरूनच अशी व्यक्ती आजवर कोणत्या अवस्थेत न्यायालयासमोर उभी राहत आली असेल याची कल्पना येते. ती सज्ञान नाही एवढ्याच कारणाने, घरच्यांनी बेकायदा डांबल्याची याचिका दाराशीच फेटाळू नये. घरी परतायचे नाही असे तिने सांगितले तर क्षणाचाही विलंब न लावता तिला मोकळे करावे. न्यायालयाने समुपदेशनाचा किंवा आईवडिलांच्या देखरेखीखाली ठेवण्याचा आदेश देऊ नये, कारण न्यायालयाचे काम मर्जी जाणून घेण्याचे आहे, मर्जी बदलण्याचे नाही. संरक्षणाच्या याचिकेत तर आणखी एक पाऊल पुढे टाकलेले आहे: जोडपे समलिंगी, पारलिंगी, आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय असल्याच्या कारणावरून संरक्षण मागत असेल, तर धोका किती गंभीर आहे याचे पुरावे तपासत न बसता प्रथम अंतरिम, म्हणजे तात्पुरते, पोलीस संरक्षण द्यावे आणि मग बाकीचे पाहावे. कुटुंब म्हणजे केवळ जन्माने मिळालेले नव्हे, माणूस स्वतः निवडतो तेही कुटुंबच, हेही या निकालात नमूद आहे.

खोली, पाणी, खुर्ची आणि कोण समोर बसले आहे या गोष्टींना इतके महत्त्व का, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर असे की, या सगळ्या प्रकरणांचा निकाल शेवटी एका वाक्यावर लागतो. ‘मला यांच्याबरोबर जायचे आहे’ असे डांबलेली व्यक्ती म्हणाली तर ती सुटते, आणि ‘मी आईवडिलांकडे राहते’ असे म्हणाली तर याचिका संपते. आठवड्यानुआठवडे कोंडलेली, मारहाण सोसलेली, आई विष घेईल किंवा धाकट्या बहिणीचे लग्न मोडेल अशा धमक्या ऐकलेली मुलगी, वडील दोन हातांवर उभे असताना जे वाक्य बोलेल, ते तिच्या मर्जीचे मानणे हा न्यायाचा आभास होय. २०२३ साली केरळमधील दुसऱ्या एका प्रकरणात तरुणीने न्यायालयासमोर घरच्यांबरोबर जाण्याची तयारी दाखवली, प्रकरण बंद झाले, आणि थोड्याच काळात ती पुन्हा घरातून निघून जोडीदाराकडे आली व दोघींना नव्याने पोलीस संरक्षण मागावे लागले. याच कारणासाठी मार्गदर्शक तत्त्वांतील प्रत्येक बारीक अट ही हक्काइतकीच मौल्यवान आहे. मर्जी कोणी, कोठे आणि कोणासमोर विचारली, यावर ती मर्जी खरी की लादलेली हे ठरते. आणि खरी मर्जी जोडीदाराच्या विरुद्ध गेली तरी तीच मान्य करायची असते, हे मार्च २०२४ च्या निकालाने स्वतःच्या उदाहरणाने दाखवले आहे.

मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन आणि व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्या पीठाने दिलेल्या निकालात या तत्त्वांचा प्रत्यक्ष उपयोग दिसतो. पंचवीस वर्षांच्या एका तरुणीला पोलिसांनी तिच्या इच्छेविरुद्ध आईवडिलांबरोबर पाठवले होते. घरी तिला मारहाण झाली आणि तिला ‘ताळ्यावर आणण्यासाठी’ काही विधी करायला लावले गेले. याचिका करणाऱ्या तिच्या जोडीदार स्त्रीने कागदपत्रांत स्वतःला केवळ जवळची मैत्रीण म्हटले होते, आणि हा संकोच समाजाच्या धारणा पाहता समजण्यासारखा आहे असे न्यायमूर्तींनी नोंदवले. मुलीला व्यसन लागले आहे, तिला बहकवले आहे, असे आईचे म्हणणे होते. न्यायमूर्तींनी मुलीशी स्वतः बोलून त्यात तथ्य नसल्याची खात्री करून घेतली. सगळ्याच आया न्यायमूर्ती लीला सेठ यांच्यासारख्या नसतात, असे निकालात म्हटले आहे. आपल्या मुलाच्या, म्हणजे कादंबरीकार विक्रम सेठ यांच्या, समलैंगिकतेचा त्यांनी जाहीरपणे स्वीकार केला होता. कुटुंब स्थापन करण्याचा विवाह हा एकच मार्ग नव्हे, असे सांगून पीठाने तरुणीला मोकळे केले, घरच्यांना तिच्या स्वातंत्र्यात आडवे येण्यास मनाई केली, पोलिसांच्या वागणुकीवर कडक ताशेरे ओढले आणि पुढेही गरज पडेल तेव्हा दोघींना संरक्षण देण्याचा आदेश दिला. हा शेवटचा भाग विशेष उपयोगी आहे, कारण संरक्षणाचा साधा आदेश काही आठवड्यांत जुना होतो आणि घरच्यांना तो जुना होण्याची वाट पाहता येते.

डॉक्टरकडे नेण्याच्या प्रकाराबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण सुशिक्षित घरांत बुवाची जागा बहुधा तोच घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आहे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात असे स्पष्ट आहे की, एखादी व्यक्ती समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक किंवा धार्मिक धारणांनुसार वागत नाही या कारणावरून तिला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या पाठपुराव्यामुळे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली, लैंगिक कल बदलण्यासाठी केलेले ‘उपचार’ हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. तेव्हा अशा उपचारासाठी मुलाला किंवा मुलीला दाखल करून घेणारा डॉक्टर घरच्यांवर उपकार करत नसून स्वतःचा परवाना धोक्यात घालत असतो.

महाराष्ट्रात जुलै २०२३ मध्ये, संरक्षण मागणाऱ्या दोन स्त्रियांच्या याचिकेवर सुनावणी करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि गौरी गोडसे यांच्या पीठाने, तामिळनाडूप्रमाणे पोलिसांच्या वर्तणूक नियमांत बदल करण्याचा विचार राज्य सरकारने करावा, असे सुचवले. न्यायालयाने दाखवलेली ही दिशा योग्य आहे आणि तिचा शेवट छापील, प्रत्येक ठाण्यात लावलेल्या मराठी नियमात व्हायला हवा. शक्ती वाहिनी निकालानंतर राज्यात उभे राहिलेले जिल्हा कक्ष आणि सुरक्षित निवारे आंतरजातीय व आंतरधर्मीय जोडप्यांना डोळ्यांसमोर ठेवून कल्पिलेले आहेत. साताऱ्यात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुढाकाराने चाललेल्या अशा निवाऱ्याने तर सरकारी यंत्रणेला वाट दाखवली. सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणाच्या बाबतीत आंतरजातीय, आंतरधर्मीय आणि समलिंगी जोडप्यांना एकाच वाक्यात बसवल्यानंतर, त्या कक्षांची आणि निवाऱ्यांची दारे समलिंगी जोडप्यांसाठी बंद ठेवण्यास कोणतेही कारण उरत नाही. निवाऱ्याशिवाय पोलीस संरक्षण अपुरे असते, कारण घर सोडताना बहुतेकांच्या हाती पैसा नसतो, आणि आधार कार्ड, गुणपत्रिका यांसारखी कागदपत्रे घरच्यांनी दडवलेली असतात. याचिकेतच ती परत मिळण्याची मागणी करणे शहाणपणाचे ठरते.

समलिंगी जोडप्यांना किंवा त्यांच्या पाठीशी उभे राहू इच्छिणाऱ्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, शिक्षकांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे नोंदवून ठेवण्यासारख्या आहेत. घर सोडणाऱ्या सज्ञान व्यक्तीने, आपण स्वेच्छेने जात आहोत आणि आपल्याला कोणापासून धोका आहे, हे लिहून ते पत्र दोन्ही ठिकाणच्या पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवले व त्याची पोच जपून ठेवली, तर नंतरच्या ‘मिसिंग’च्या आणि अपहरणाच्या तक्रारीतील हवा बरीचशी निघून जाते. वडील, भाऊ किंवा इतर नातेवाईक हिंसा करत असतील, तर मुलीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली त्यांच्याविरुद्ध दाद मागता येते. तो कायदा केवळ पतीविरुद्ध आहे हा समज चुकीचा आहे. मुंबईत १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आणि स्त्री संगम या नावाने सुरू झालेली लेबिया, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट, अशा संस्थांकडे या प्रकारच्या प्रसंगांचा अनुभव आहे. तातडीच्या प्रसंगी ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात अर्ज करता येतो किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.